मिशीवाल्या माणसाची बारा चित्रं

३ तारीख, सोमवार

बाबा आज घरी आले. सव्वीस दिवस दवाखान्यात काढले. पक्षाघाताच्या झटक्याने उजवा हात, उजवा पाय कामातून गेलेत आणि बोलणंही गेलंय. एकच शब्द तेवढा उरलाय, ‘अगं’. पाणी हवं असलं तरी ‘अगं’, उशी सरकली तरी ‘अगं’.

वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी रोजची नोंद ठेवायला सांगितलीय. मी त्यांना मनातल्या मनात बोलक्या बाई म्हणते, कारण त्यांचं एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू झालेलं असतं. त्यांना द्यायचा कागद वेगळा लिहीन. या वहीत माझं मलाच बोलते, नाहीतर बोलणार कुणाशी?

‘अगं’बद्दल त्या म्हणाल्या, “त्याला काही अर्थ नसतो हो. एखादा शब्द जिभेवर अडकून राहतो, एवढंच. तुम्ही त्याला ओ देत बसू नका.”

मग त्यांनी चित्रांचा तक्ता दिला. रुग्णाने बोट ठेवायचं आणि आपण समजून घ्यायचं. तो तक्ता पाहून मी कपाळावर हात मारला. पाण्याचा पेला फुलदाणीसारखा, पलंग शवपेटीसारखा. बावीस वर्षं मी दवाखान्यांच्या पाट्या करते, औषधांच्या खोक्यांवरच्या सूचना करते, आग लागली तर कुठून पळायचं त्याचे नकाशे करते. बघणाऱ्याला कुणालाही न विचारता कळलं पाहिजे, यावर माझं पोट चालतं. माझ्याच बापाला असला तक्ता?

“तक्ता मी करते,” मी म्हणाले.

“करा, पण लवकर करा. वीस तारखेला तपासणी आहे.”

ती तपासणी म्हणजे सगळं काही आहे. त्यांच्या केंद्रात तीन महिने, रोज सहा तास शिकवतात. माणसं पुन्हा बोलायला लागलेली मी तिथे बघितलीत. पण जागा एकच आहे, आणि ज्याला आपली गरज दुसऱ्याला कळवता येते त्यालाच घेतात. नाहीतर दादा म्हणतो तसं शुश्रूषागृह. तिथे स्वच्छ चादरी मिळतात आणि कुणी काही शिकवत नाही.

५ तारीख, बुधवार

तक्ता झाला. बारा चित्रं, चार ओळी. जेवण, पाणी, चहा, झोप, दुखतंय, शौचालय, थंडी, उकाडा, खिडकी, दिवा, हो, नाही.

आधी नुसत्या वस्तू काढल्या होत्या. शेजारच्या पाच जणांना दाखवल्या, तर ताटाचं चित्र बघून एक जण म्हणाला, “खाणावळ कुठे आहे ते सांगतंय का?” मग मी वस्तूंसोबत माणूस काढला. कुठलाही माणूस नाही, बाबाच. टक्कल, झुपकेदार मिशी, गोल नाक. आपलं चित्र आपल्याला लगेच ओळखता येतं. मिशीवाला जेवतोय, मिशीवाला झोपलाय, मिशीवाल्याचं दुखतंय. आता पाचपैकी पाच जणांनी सगळी बाराच्या बारा ओळखली. वरच्या मजल्यावरच्या काकू झोपेच्या चित्राला तेवढ्या म्हणाल्या, “अगं, हा गेला की काय?” उशी जरा उंच केली.

बाबांनी उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मला अक्षराचं वळण त्यांनीच शिकवलं. त्यांचा एक नियम होता. पाटी टांगायच्या आधी समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचं आणि तिथून वाचायची. गिऱ्हाईक जिथून बघणार तिथून. लोकांना वाटायचं, रंगारी विडी ओढायला बसलाय.

या वेळी त्यांच्यासाठी पाटी मी रंगवलीय. खरं सांगायचं तर छाती फुगली होती.

६ तारीख, गुरुवार

चालला! तक्ता चालला! दुपारी बाबांनी डाव्या हाताचं बोट पाण्यावर ठेवलं, मावशींनी पाणी दिलं, त्यांनी घटाघट प्यायलं. मग खिडकी. मावशींनी ती उघडली. मी ऑफिसात होते, मावशींनी फोनवर सांगितलं. (मावशी म्हणजे दिवसभर बाबांजवळ असणाऱ्या बाई. पूर्वी दवाखान्यात होत्या.) मी फोन ठेवला आणि रडले.

आमच्या ऑफिसातला माझा भागीदार पाट्यांवर जागा दिसली की बाण काढतो, म्हणून त्याला सगळे बाणराव म्हणतात. तो म्हणाला, “रड, पण नव्या दवाखान्याच्या पाट्या सोमवारपर्यंत हव्यात.” माणूस चांगला आहे. फक्त बाणासारखा एकाच दिशेला बघतो.

८ तारीख, शनिवार

एक विचित्र गोष्ट. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं आणि बाबांनी जेवणावर बोट ठेवलं. “अगं.” मावशी म्हणाल्या, “अहो, आत्ताच जेवले. वाटीभर सूप, वर दूध.” पण मागतायत म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? मी ताट वाढून नेलं, चमचा तोंडाशी धरला. त्यांनी मान फिरवली. पुन्हा जेवणावर बोट. पुन्हा चमचा, पुन्हा मान. तिसऱ्या वेळी त्यांनी चमचा माझ्याकडे ढकलला, सूप सगळं माझ्या कुर्त्यावर.

मागायचं आणि दिलं की नको म्हणायचं. मी समजूत घालून थकले. शेवटी ताट झाकून टेबलावर ठेवलं आणि पाट्या घेऊन बसले.

१० तारीख, सोमवार

बोलक्या बाईंनी सांगितलं, मोजा. म्हणून तक्त्याला दोरीने पेन बांधलंय. बाबा कुठल्या चित्रावर बोट ठेवतात त्याखाली एक रेघ. मी घरी असतानाच्या दोन दिवसांच्या रेघा: जेवण ९, झोप ७, पाणी १, बाकी काही नाही.

दिवसभरात मावशींकडे वेगळंच: पाणी ६, शौचालय ४, खिडकी ३, चहा २. आणि सगळं बरोबर.

“माझ्याशी नीट बोलतात हो ते,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही आलात की मगच ताटाला बोट लावतात.”

म्हणजे मी आले की संध्याकाळ, संध्याकाळ म्हणजे जेवण. डोक्यात सवय तेवढी उरलीय. मावशींना अंदाज बांधायची सवय आहे, त्यांना वाटतं सगळं बरोबर. मी असं लिहिलं खरं, पण लिहिताना त्यांचा रागही आला. माझा तक्ता, माझा बाप, आणि कळतं यांना.

झोपेचंही तेच. झोपेवर बोट ठेवतात, मी त्यांना धरून पलंगावर नेते, पाठ टेकली की ‘अगं, अगं’ करत उठायला बघतात. काल असं चार वेळा झालं. माझी कंबर बोलायला लागली, बाबा मात्र नाहीत.

१२ तारीख, बुधवार

आज तक्त्याची वाट लावली. नखाने तीन चित्रं खरवडलीत. जेवण, झोप, दुखतंय. त्यातही नेमकी मिशीच. बाकीच्या नऊ चित्रांना हात नाही.

जुना रंग खरवडून काढायची रंगाऱ्याची सवय, दुसरं काय? पण मला वाटतं, त्यांना मिशी आवडली नसावी. नीट बघितलं तर डावी बाजू थोडी उतरली होती माझ्याकडून. माझ्या रेषेतली चूक त्यांनी आयुष्यभर कधी खपवून घेतली नाही. दहा वर्षांची असताना मी काढलेला अक्षराचा एक उभा दंड त्यांनी सात वेळा पुसायला लावला होता. जरा बरंही वाटलं. म्हणजे नजर शाबूत आहे.

मी तिन्ही मिशा सरळ केल्या, आणखी जाड केल्या. नवा तक्ता छापून वर प्लास्टिक चढवून घेतलं. आता खरवडा म्हणावं! सकाळपासून नुसत्या चहावर आहे, पण मिशा सुरेख आल्यात.

१३ तारीख, गुरुवार

नवा तक्ता बघून बाबांनी डोळे मिटून घेतले. कितीतरी वेळ उघडले नाहीत.

१५ तारीख, शनिवार

आता नवीन खूळ. दोरीचं पेन डाव्या हातात धरून चित्रांवर गिरगटतात. उजव्या हाताने ज्या माणसाने वीस फुटी अक्षरं रंगवली त्याचा डावा हात असा भेलकांडताना बघवत नाही. आज जेवणाच्या चित्रावर दोन गोल काढले. एक मिशीवाल्याच्या नाकापाशी, दुसरा कानावरून घरंगळून पार ताटाला टेकलेला.

दोन गोल. ताटाजवळ. अंडी!

मी धावत जाऊन दोन अंडी उकडली, सोलली, बशीत घालून समोर ठेवली. बाबांनी बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचं तोंड एका बाजूने वाकडं झालं. हसले की रडले ते मला खरंच कळलं नाही. पूर्वी कळायचं.

प्लास्टिकवरचं पेन ओल्या फडक्याने लगेच जातं. पुसून टाकलं. तेवढी एक गोष्ट मी शहाणपणाने केलीय.

१७ तारीख, सोमवार

गोल रोज. मी रोज पुसते.

बाणराव ओरडला. मी एका पाटीवर क्ष-किरण विभाग डावीकडे दाखवला, तो उजवीकडे आहे. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वर चष्मा डोक्यावर आणि मी सगळ्या खोल्यांत चष्मा शोधतेय. शेवटी मावशींनी बोट दाखवलं. डबा तसाच परत आणला, तो त्या घासायला घेऊन गेल्या.

१८ तारीख, मंगळवार

कातर पुठ्ठ्यावरून घसरली, डाव्या अंगठ्यात खोल गेली. तीन टाके. घरी आले तर पट्टी बघून बाबा जोरजोरात ‘अगं, अगं, अगं’ करायला लागले. मग दुखतंयवर बोट. दाबून, पुन्हा पुन्हा, प्लास्टिक वाजेपर्यंत.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. छाती? डोकं? दुसरा झटका? मी एकेक ठिकाणी हात लावून विचारलं, “इथे दुखतंय, बाबा? इथे?” नाहीवर बोट. पोट? नाही. पाय? नाही. मग पुन्हा दुखतंय. डॉक्टरांना बोलावलं. नाडी, रक्तदाब, सगळं ठीक. डॉक्टर जाताना म्हणाले, “तुम्ही विश्रांती घेत जा जरा.” सगळ्यांना हेच सुचतं. विश्रांती घेतली तर वीस तारीख काय माझ्यासाठी थांबणार आहे?

अंगठा ठणकतोय. पण तो विषय नाही.

१९ तारीख, बुधवार

उद्या. मावशी म्हणाल्या, “मी येते की तुमच्यासोबत. मी विचारते त्यांना.” पण घरच्या माणसाने विचारायचं असतं, असं कागदावर छापलंय. मी बाबांची दाढी केली, मिशी कातरली. त्यांनी माझा अंगठा हातात धरून ठेवला, सोडेनात. मी म्हणाले, “बाबा, उद्या फक्त खरं काय हवंय ते दाखवा. तुमचं. एवढं कराल ना माझ्यासाठी?”

“अगं,” ते म्हणाले.

२० तारीख, गुरुवार

गेलं. सगळं गेलं.

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते. पांढरी खोली, टेबलाच्या त्या बाजूला बोलक्या बाई आणि त्यांचे वरिष्ठ, या बाजूला बाबा चाकाच्या खुर्चीत, त्यांच्यासमोर मी तक्ता धरून उभी. तिथे पोचायला दोन तास लागले होते. मावशी सोबत आल्या होत्या, पण बाहेर थांबल्या; गाडीत त्यांनी बाबांना भरपूर भरवलेलं.

वरिष्ठांनी मला विचारायला लावलं, “बाबा, तुम्हाला आत्ता काय सांगायचंय?”

बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग जेवणावर बोट.

“त्यांनी कधी खाल्लंय?”

“अर्ध्या तासापूर्वी,” मी म्हणाले. खोटं कसं बोलणार होते? वरिष्ठांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

“आणखी काही?”

झोप. सकाळचे अकरा वाजले होते. रात्रभर ते गाढ झोपले होते, ते मला पक्कं माहीत आहे, मी जागीच होते.

“आणखी?”

दुखतंय. बोलक्या बाईंनी शरीराचं मोठं चित्र पुढे केलं, “कुठे ते दाखवा, आजोबा.” बाबांनी हाताच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. डाव्या. त्या दोघांनी बाबांचा डावा अंगठा वाकवून बघितला, दाबून बघितला. धडधाकट. मी तक्ता छातीशी धरून उभी होते. मनात म्हणत होते, बाबा, एक तरी बरोबर सांगा. एक तरी.

मग त्यांना राग आला. तक्ता माझ्या हातून हिसकावला, तो खाली पडला. “अगं! अगं!” खोली दणाणली.

बोलक्या बाई मला बाहेर घेऊन आल्या. पहिल्यांदाच हळू बोलत होत्या. “तक्ता सुंदर आहे तुमचा. इतका स्पष्ट तक्ता मी बघितला नाही. पण त्यांना चित्राचा आणि स्वतःचा संबंध लागत नाहीये. तीन उत्तरं आणि तिन्हींचा त्यांच्याशी संबंध नाही.”

मी हात टेकले.

२१ तारीख, शुक्रवार

दादाचा फोन. “तू तुझ्या परीने सगळं केलंस. आता हट्ट सोड.” एक तारखेपासून शुश्रूषागृह. मी हो म्हणाले. बाबांना कसं सांगायचं ते कळेना, म्हणून सांगितलंच नाही. त्यांना कळत नाही असं सगळे म्हणतात, मग हे तरी कशाला कळवायचं, असा हिशेब केला मी. इतकी नीच मी कधीच नव्हते.

संध्याकाळी पुन्हा जेवणावर बोट. मी तक्ता उचलून कपाटावर ठेवून दिला. “पुरे, बाबा,” म्हणाले. दोन शब्द, पण आवाज चढला होता. त्यानंतर त्यांनी काहीच दाखवलं नाही. दाखवणार कशावर?

२४ तारीख, सोमवार

सकाळी दुसरा झटका. पुन्हा दवाखाना. डोळे मिटलेले, डावा हातही आता हलत नाही. दादा निघालाय. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेलही, नसेलही, सांगता येत नाही.

‘अगं’ नाही.

२७ तारीख, गुरुवार

दुपारी बाबांचे कपडे घ्यायला घरी आले. मावशी खोली आवरत होत्या. कपाटावरचा तक्ता त्यांनी खाली काढला होता. “हा काय करू, ताई?”

“काढला कधी?”

“रविवारी तुम्ही बाहेर गेलात तेव्हा. मागत होते. तुम्हाला सांगितलं असतं तर रागावला असता.”

मी तो घेऊन बाबांच्या खुर्चीत बसले. तीच जवळ होती, म्हणून बसले, दुसरं काही मनात नव्हतं. तीन आठवड्यांत त्या खुर्चीत मी एकदाही बसले नव्हते. मी कायम तिच्यासमोर उभी.

तिथून समोर दार दिसतं. कोण आत आलं, कसं आलं, सगळं. दाराच्या डावीकडे जेवणाचं टेबल, आणि त्यावर कालचं माझं ताट, मावशींनी झाकून ठेवलेलं, तसंच. उजवीकडे माझा सोफा. त्यावरच्या पांघरुणाची घडी मोडलेली नाही. मधे माझं कामाचं टेबल, दिवा, रंगांच्या बाटल्या, ऑफिसातून घरी आणलेला रक्ताचा डाग पडलेला पुठ्ठा. तेवढंच दिसतं तिथून. ते दिवसभर त्या खुर्चीत बसलेले असत, आणि संध्याकाळपासून त्यांच्यासमोर तेवढंच असे.

पाटी टांगायच्या आधी समोरच्या पायरीवर जाऊन बसायचं. हे मला कुणी शिकवलं होतं?

तक्त्यावर रविवारचं पेन तसंच होतं. पुसायला मी नव्हते. जेवण, झोप, दुखतंय, या तीन चित्रांत मिशीवर आडवी काट मारलेली. डोळ्यांभोवती दोन गोल, वाकडेतिकडे, पण दोन्ही चेहऱ्यावरच. गोलांच्या मधे एक रेघ, आणि कानापर्यंत गेलेली दुसरी.

मी माझा चष्मा काढून हातात धरला.  मावशींनी पाणी आणून ठेवलं.

“मावशी, तुम्हाला कळलं होतं?”

“मला वाटलं तुम्हाला कळतंय,” त्या म्हणाल्या. “रोज तर विचारत होते.”

नऊ रेघा मोजल्या होत्या मी. बोलक्या बाईंना दिलेल्या कागदावर लिहिलंय, ‘गरज नसताना अन्नाची मागणी, नऊ वेळा.’ माझ्या अक्षरात, समासाच्या आत, स्वच्छ. बाराच्या बारा चित्रांत मी त्यांनाच बसवलं. बापाला मुलीबद्दल काही विचारायचं असेल, त्यासाठी एक चौकोन ठेवला नाही. वरून जाड मिशा काढल्या.

बोलक्या बाईंना फोन केला. रडत सगळं सांगितलं. त्यांनी यादी बघितली. मग म्हणाल्या, जागा सोमवारीच भरली.

चार वाजता दवाखान्यात गेले. मावशींनी डबा भरून दिला होता. दादा बाहेर डॉक्टरांशी बोलत होता. मी स्टूल पलंगाच्या डाव्या बाजूला ओढलं, बाबांनी डोळे उघडले असते तर समोर मीच दिसले असते अशा जागी. पट्टी काढलेला अंगठा त्यांच्या तळहातात ठेवला. “टाके निघाले, बाबा. आता दुखत नाही.” मग डबा उघडला आणि त्यांच्यासमोर सगळा संपवला. 

“जेवले, बाबा,” मी म्हणाले. “आता घरी जाऊन झोपते.”

आणि ‘अगं’ची वाट बघत बसले, भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत.